कथा तिसऱ्या पानावर सुरू होते

कथालेखनाच्या कार्यशाळेला एक लेखिका पाहुण्या म्हणून येणार म्हटल्यावर मला वाटलेलं, प्रतिभा, संवेदनशीलता, भरपूर वाचा वगैरे नेहमीचं भाषण होणार. पण मॅडमनी आल्या आल्या एक जाडजूड फाइल काढली, त्यात त्यांच्या एकाच छापून आलेल्या कथेचे सगळे खर्डे होते आणि ते त्यांनी चक्क आमच्या हातात दिले. पहिल्या खर्ड्यात पाऊस, घराचं वर्णन, नायिकेचं बालपण असं सगळं सुरुवातीलाच येत होतं आणि छापलेली कथा मात्र थेट भांडणातल्या एका वाक्याने सुरू होते. बालपण कुठे गेलं विचारलं तर म्हणाल्या, ते मला माहीत असायला हवं होतं, वाचकाला नाही.

मग दुरुस्तीचा क्रम सांगितला, आणि खरं सांगायचं तर माझ्यासाठी सगळ्यात कामाचं हेच होतं. आधी फक्त घटनांचा क्रम बघायचा, मग प्रत्येक प्रसंग कोणाच्या नजरेतून दिसतोय ते, मग संवाद, त्यानंतर वाक्यं, आणि शुद्धलेखन अगदी शेवटी. कारण जो परिच्छेद उद्या उडणारच आहे त्यातले ऱ्हस्वदीर्घ आज कशाला तपासायचे? उडवलेलं फेकायचं नाही, वेगळ्या फाइलमध्ये ठेवायचं, म्हणजे कापताना हात अडखळत नाही. (हे मात्र अगदी खरंय, माझी ती फाइल आता कथेपेक्षा मोठी झालीय.)

संवादासाठी एक खेळ दिला. दोन माणसं, एकाला दुसऱ्याकडून उसने पैसे हवेत, पण पैसे हा शब्द आख्ख्या प्रसंगात येऊ द्यायचा नाही. सोपं वाटतं, पण लिहायला बसल्यावर घाम फुटतो, कारण आपली पात्रं मनातलं सगळं धडाधड बोलून टाकतात आणि वर आपण 'तो रागाने म्हणाला' असं चिकटवतो. वाक्यातच राग असेल तर 'रागाने' कशाला?

लिहिलेलं मोठ्याने वाचा, जिथे जीभ अडखळते तिथे खूण करा, हे पण सांगितलं. फ्रेंच कादंबरीकार फ्लोबेर आपली वाक्यं ओरडून वाचायचा म्हणे. आणि अमेरिकन लेखक हेमिंग्वेने १९५८च्या 'पॅरिस रिव्ह्यू' या साहित्यिक मासिकातल्या मुलाखतीत सांगितलेलं की 'अ फेअरवेल टू आर्म्स' या कादंबरीचं शेवटचं पान त्याने ३९ वेळा लिहिलं. हे ऐकून वर्गात हसू आलं पण मला जरा हायसंच वाटलं. पुढे काय होणार हे ठाऊक असतानाच त्या दिवसाचं लेखन थांबवायचं म्हणजे दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानासमोर बसावं लागत नाही, हीसुद्धा त्याचीच सवय.

रोज पहाटे उठून लिहा हे काही मला पटलं नाही. पहाटे माझं डोकं चालत नाही, आणि अशा सल्ल्यांनी माणूस लिहिण्यापेक्षा अलार्म लावण्यातच गुंततो.

माझ्या कथेवर त्यांनी समासात एवढंच लिहिलं होतं, 'तिसऱ्या पानावर सुरू होते.' आधी राग आला, कारण पहिल्या दोन पानांवरच मी जास्त मेहनत घेतलेली. महिनाभर कथेला हात लावला नाही, मग ती दोन पानं झाकून वाचून बघितली तर काहीच अडलं नाही, फक्त मोठ्या भावाचं पात्र एकदम उपरं वाटायला लागलं, मग त्यालाही काढलं आणि त्याची दोन वाक्यं आईच्या तोंडी घातली, तिथे ती जास्त लागतात.

नवा खर्डा मॅडमना मेल केला. उत्तरात कौतुक नाही, टीका नाही, फक्त एक प्रश्न होता: दवाखान्यातला प्रसंग मुलीच्या नजरेतून आहे ना, मग वडिलांच्या मनातलं तिला कसं कळलं? सध्या तोच प्रसंग परत लिहितेय.