टाइमकार्ड टूलचं डॉक्युमेंटेशन, नोंद ३: तारीख, तास आणि पानं

टाइमकार्डं म्हणजे कामगारांच्या हजेरीच्या तासांच्या नोंदी. त्या वाचण्याच्या कॉलचं, म्हणजे टूलला पाठवायच्या विनंतीचं, पान या टप्प्यात लिहून झालं. टूलचं काम एकच: बांधकाम प्रकल्पाचा आयडी आणि दोन तारखा दिल्या की त्या काळातली टाइमकार्डं आणून द्यायची. पॅरामीटरचा तक्ता चटकन होतो. वेळ जातो तो त्यातल्या एकेका शब्दाचा अर्थ पक्का करण्यात, आणि तो तिथेच जायला हवा. या नोंदींवरून कुणाचा तरी पगार निघतो.

सगळ्यात जास्त काम तारखेवर झालं. एका नोंदीला किमान तीन तारखा असतात: काम झालं तो दिवस, नोंद सिस्टीममध्ये भरली ती वेळ आणि शेवटची दुरुस्ती झाली ती वेळ. शुक्रवारची हजेरी मुकादम सोमवारी भरतो, हे तर रोजचंच. मग 'स्टार्ट_डेट'चा फिल्टर यातल्या कुठल्या तारखेला लागतो? आधीच्या मसुद्यात नुसतं 'सुरुवातीची तारीख' होतं. तेवढ्यावर विसंबून कोड लिहिला, तर शुक्रवारचे तास पुढच्या आठवड्याच्या पगारात जाऊन बसू शकतात. आता तिथे असं आहे: 'कामाचा दिवस, साईटच्या स्थानिक तारखेनुसार, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, हा दिवस धरून.'

'एंड_डेट'चा दिवस धरला जातो की नाही, हे अंदाजाने लिहू नका. नोंदी नक्की आहेत असा एक दिवस निवडा आणि दोन्ही पॅरामीटरना तीच तारीख द्या. उत्तर रिकामं आलं, तर शेवटचा दिवस वगळला जातोय.

दुसरी गोम टाइमझोनची. कामाचा दिवस ही नुसती तारीख आहे, त्यामुळे ओपनएपीआयमध्ये (एपीआयचं, म्हणजे प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलण्याच्या सोयीचं, वर्णन लिहिण्याचा प्रमाण साचा) तिचा फॉरमॅट 'डेट' ठेवायचा, 'डेट-टाइम' नाही. 'डेट-टाइम' ठेवलं की बऱ्याच लायब्ररी त्याची यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) मध्यरात्र करतात, आणि यूटीसीच्या मागे असलेल्या साईटवर तीच नोंद आदल्या दिवशी दिसते. पाळी सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ मात्र आरएफसी ३३३९ या वेळ लिहिण्याच्या मानकाप्रमाणे ऑफसेटसकट, म्हणजे यूटीसीपासूनच्या फरकासकट हवी. तपासणीसाठी शिकागोच्या टाइमझोनमधली ही रात्रपाळी घेतली आहे:

सुरुवात: २०२४-११-०२, २२:००, ऑफसेट −०५:००
शेवट: २०२४-११-०३, ०६:००, ऑफसेट −०६:००

घड्याळाकडे बघून आठ तास वाटतात. त्या रात्री घड्याळं एक तास मागे गेली होती, म्हणून खरे तास नऊ. ऑफसेट नसेल तर हा नववा तास कुठल्याच हिशेबात सापडत नाही. हे उदाहरण पानावर सगळ्यात वर ठेवलंय, कारण परिच्छेदभर समजावण्यापेक्षा या दोन ओळी जास्त सांगतात. पाळी मध्यरात्र ओलांडते तेव्हा सगळे तास सुरुवातीच्या दिवशी धरले जातात की दोन दिवसांत वाटले जातात, तेही त्याच्याच खाली लिहिलंय.

तासांच्या रकान्यात ७.५, ७:३० आणि ७.३० या तिन्ही रूपांचा अर्थ लोक साडेसात असाच लावतात, पण तिसरं दशांशात वाचलं तर ७ तास १८ मिनिटं होतात. म्हणून 'दशांश तास. पाऊण तास म्हणजे ०.७५' हे शब्दांत लिहा. बेरजेबद्दलही एक ओळ घाला. पाव तासाच्या पटीतले आकडे फ्लोटमध्ये (संगणकाच्या अपूर्णांक साठवण्याच्या पद्धतीत) तंतोतंत बसतात, सहा मिनिटांच्या म्हणजे ०.१ तासाच्या पटीतले बहुतेक बसत नाहीत. ०.१ दहा वेळा मिळवलं की नेमका १ येत नाही, आणि ओव्हरटाइमची मर्यादा तपासणारी अट तिथे चुकते. उपाय सोपा आहे: आल्या आल्या मिनिटांत बदला आणि पूर्णांकातच बेरीज करा. जेवणाची सुट्टी वजा झालेली आहे की नाही, हेही याच रकान्याच्या वर्णनात सांगायचं.

टूलचं उत्तर पानापानाने येतं. त्या पानांचा हिशेब असा मांडलाय: ४० कामगार, ६ दिवस, दिवसाला दोन कॉस्ट कोड (खर्च कुठल्या कामावर टाकायचा ते सांगणारे), म्हणजे ४८० नोंदी. पानाला १०० धरल्या तर ५ कॉल, शेवटच्या पानावर ८०. ऑफसेटने (इथे वेळेचा फरक नव्हे, 'इतक्या नोंदी सोडून पुढच्या द्या' हा आकडा) पानं मोजणाऱ्या एपीआयमध्ये एक चोरवाट आहे. पहिलं पान आल्यावर कुणी त्यातली एक नोंद काढून टाकली, तर मागच्या सगळ्या एकेक जागा पुढे सरकतात; आधी १०१वी असलेली नोंद पहिल्या पानात जाते आणि आपल्या हाती कधीच लागत नाही. एरर येत नाही, तास मात्र कमी भरतात. कर्सर, म्हणजे कुठल्या नोंदीपर्यंत आलो ती खूण, असेल तर तोच वापरायला सांगा. नसेल तर आयडीनुसार चढत्या क्रमाने मागवून, शेवटी पहिल्या पानासोबत आलेली एकूण संख्या आपल्याकडच्या वेगळ्या आयडींशी ताडून बघा.

एररचा भाग छोटाच ठेवलाय. ४०१ आला तर टोकन (ओळख पटवणारी किल्ली) बघा, ४०३ आला तर प्रकल्पावरची परवानगी. ४२९ (फार विनंत्या झाल्या) सोबत येणारं 'रिट्राय-आफ्टर', म्हणजे कधीपर्यंत थांबायचं ते, कधी सेकंदांत असतं, कधी पूर्ण तारखेच्या रूपात. कोडने दोन्ही वाचायला हवीत. रिकामी यादी हा एरर नव्हे: त्या काळात काम झालं नसेल किंवा नोंदी अजून मंजूर झाल्या नसतील. स्टेटस न दिल्यास टूल फक्त मंजूर नोंदी देतं की सगळ्या, हे वर्णनाच्या पहिल्याच वाक्यात घेतलंय. टूल भाषा-मॉडेलच्या हाती जाणार असेल तर हे फार गरजेचं, कारण ते वर्णन वाचूनच कॉल रचतं.

कॉस्ट कोड रिकामा असू शकतो. ओपनएपीआय ३.१ मध्ये 'नलेबल' (रिकामं चालेल अशी खूण) राहिलेलं नाही, म्हणून टाइपच्या यादीत 'नल' (रिकामं) घातलंय. नमुन्याच्या उत्तरांत कामगारांची नावं नाहीत, बनावट आयडी आहेत.

बाकी आहे ते काढून टाकलेल्या नोंदींचं. 'अपडेटेड_ॲट' (शेवटच्या दुरुस्तीची वेळ) नुसार फक्त बदललेल्या नोंदी मागवल्या की काढून टाकलेल्या त्यात येतच नाहीत, आणि जुनी प्रत आपल्याकडे तशीच राहते. तोवर पानावर एवढंच लिहिलंय: पगार बंद होईपर्यंत तो सगळा काळ दर वेळी पूर्ण मागवा आणि उत्तरात नसलेले आयडी आपल्याकडून काढून टाका, पण सगळी पानं आल्याची खात्री झाल्यावरच.