कुणी खेळतंय का?

रविवार, रात्री

"कुणी खेळतंय का गं इथं?" आईंनी हॉलमधून विचारलं. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. "नाही," म्हणाले. त्यांनी बटण बंद केलं.

मी खेळत होते. मारिओ, व्हिडिओ गेम. आठव्या वर्ल्डच्या तिसऱ्या लेव्हलला, म्हणजे 8-3 ला, पॉझ करून आले होते, दोन लाइफ शिल्लक होत्या. 1985 च्या मारिओत सेव्ह नाही. बटण गेलं की पुन्हा 1-1.

मग नाही का म्हणाले?

सकाळी साडेपाचपासून चालू होतं. घड्याळ 400 नाहीतर 300 वरून उतरतं, पण ते आकडे सेकंदांपेक्षा भराभर पळतात. लेव्हल पावणेतीन मिनिटांच्या आत संपवावीच लागते. पाणी यायच्या आधी एक, कणीक मुरेपर्यंत दोन, आईंची आंघोळ होईतो एक. शॉर्टकट घ्यायचा नाही असं ठरवलं होतं. 1-2 ला छतावरून चालत गेलं की चौथ्या वर्ल्डचा पाइप, 4-2 ला वेल चढून गेलं की थेट आठव्याचा. दादा नेहमी तसाच जायचा. म्हणून पाच, सहा, सात मी कधी पाहिलेच नव्हते. आज पाहिले. 6-1 ची काळी रात्र, ढगात बसून काटेरी कासवं फेकणारा तो. 7-4 च्या किल्ल्यात वाट चुकली की तोच रस्ता पुन्हा. किती वेळ तिथेच फिरले, आणि किती छान वाटत होतं!

सगळं गेलं. रडू आलं, खरंच. दिवसभरात माझं म्हणावं असं तेवढंच होतं.

पण बटण आईंनी आपल्या मनानं बंद केलं नाही. विचारून केलं. 

दुसरा रिमोट कायम माझा असायचा. लुइजी, मारिओचा भाऊ. दादाचा मारिओ मेला की माझी पाळी. त्या रिमोटला स्टार्टचं बटणच नव्हतं, त्यामुळे पॉझही दादाच करायचा. आई जेवायला हाक मारायची तेव्हा दादा ओरडायचा, "थांब, खेळतोय!" मी ताटावर जाऊन बसलेली असायचे. आता ते घर... जाऊ दे.

मघाशी "चालू आहे, बंद करू नये" अशी चिठ्ठी लिहिली, बटणाजवळ लावायला. मग फाडली. आईंना चिठ्ठी कशाला? त्या विचारतात. 

कॅसेट काढून पुसून ठेवली आहे. उद्या पाणी साडेपाचला.