टंकलेखनात आधी अचूकता, मग वेग

संगणकावर रोज लिहिणारी कितीतरी माणसे आजही कीबोर्डकडे पाहत दोन बोटांनी टाइप करतात आणि काम भागते म्हणून नीट शिकायचे टाळतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. अक्षर शोधण्यात लक्ष गुंतले की विचाराचा धागा सुटतो. वाक्याचा शेवट मनात तयार असला तरी बोटे तिथवर पोहोचेपर्यंत त्याची मांडणी विसकटून जाते.

वेग मोजताना साधारणपणे पाच वेळा कळ दाबणे म्हणजे एक शब्द असे धरतात. त्या हिशेबाने ९५ टक्के अचूकता म्हणजे दर चार शब्दांमागे एक चूक. ती सुधारायची तर चुकीची कळ, खोडण्याची कळ आणि योग्य कळ, असे एका अक्षरासाठी किमान तीनदा बोट चालवावे लागते. चूक उशिरा लक्षात आली तर पुढची बरोबर अक्षरेही पुसावी लागतात. त्यामुळे मिनिटाला ५० शब्द चुकत टाइप करणाऱ्यापेक्षा ४० शब्द बिनचूक टाइप करणाऱ्याचे काम बरेचदा आधी संपते. आकड्यांच्या बाबतीत तर चूक सापडणेही कठीण, कारण १९८६ च्या जागी १९६८ पडले तर शुद्धलेखन तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला त्यात काहीच वावगे दिसत नाही.

न पाहता टाइप करण्याचे महत्त्व फार पूर्वीच सिद्ध झाले आहे. १८८८ साली अमेरिकेतील सिनसिनाटी येथे झालेल्या स्पर्धेत कळांच्या जागा पाठ असलेल्या फ्रँक मॅकगरिन यांनी लुई ट्रॉब यांना स्पष्टपणे हरवले. इंग्रजी कीबोर्डवरील एफ आणि जे या कळांवरचे उंचवटे आजही तर्जन्यांना न पाहता जागा दाखवतात. देवनागरीसाठी इनस्क्रिप्ट या भारतीय लिपींच्या कीबोर्डची मांडणी मला विशेष सोयीची वाटते, कारण तिच्यात स्वर डाव्या हाताकडे आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे आहेत, शिवाय क आणि ख एकाच कळीवर आहेत.

शिकताना सुरुवातीला वेग जुन्या सवयीपेक्षाही कमी होतो आणि घाईचे काम पुन्हा दोन बोटांनी उरकण्याचा मोह होतो. तो टाळावा, रोज थोडाच पण सावकाश सराव करावा, आणि चुका जवळजवळ थांबेपर्यंत घड्याळ लावू नये.