येळवस, कुडल आणि मामाची मोजणी

येळवसीला मामाकडं गेलतो. बाहेरच्यांसाठी सांगतो, येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. आमच्या दक्षिण सोलापुरात, तिकडं लातूर-धाराशिवला आणि भीमेपलीकडं कर्नाटकात त्या दिवशी गावात चिटपाखरू सापडत नाही, सगळे रानात. नावाचा उगम विचारला की मामी म्हणते येळ्ळ म्हणजे तीळ, कन्नड शब्द आहे, शेजारचे तात्या म्हणतात छे, येळू म्हणजे सात. दोघंही दरवर्षी भांडतात आणि भज्जी खायला एकत्रच बसतात.

भज्जी म्हणजे कांदाभजी नव्हे हं. वाटाणा, हरभरा, तुरीचे ओले दाणे, पावटा, हाताला येईल ती भाजी, चिंच आणि बेसन लावून शिजवलेली, सोबत बाजरीचे उंडे आणि माठातली आंबील. आंबील गार पाहिजे, कोमट आंबील पाजणाऱ्या घरी मी परत जात नाही. कडब्याची कोप म्हणजे खोपटं बांधलेलं, आत चुना लावलेले पाच दगड म्हणजे पांडव. पूजा झाली की पोरं रानभर आंबील शिंपडत 'ओलगे ओलगे सालम पोलगे' असं काहीतरी ओरडत पळतात. अर्थ कुणालाच धड माहीत नाही, मला तर तीस वर्षं झाली ओरडून.

जेवण अंगावर आलतं तरी दुपारी मामा म्हणला, चल कुडलला जाऊन येऊ. गाडीवर आम्ही तिघं, मी, मामा आणि त्याची सहावीतली पोरगी (हेल्मेटचं विचारू नका). हत्तरसंग कुडल म्हणजे भीमा आणि सीनेचा संगम. तिथं संगमेश्वराच्या देवळात दगडी तुळईवर एक छोटा लेख आहे, शके ९४० चा म्हणजे इसवी सन १०१८. आपल्या सोलापूरच्या आनंद कुंभारांनी तो वाचून उजेडात आणला. शेवटी लिहिलंय, 'वाचि तो विजेया होईवा', म्हणजे जो वाचेल तो विजयी होवो. पहिला मराठी शिलालेख हा की आक्षीचा की श्रवणबेळगोळचा यावर अभ्यासकांत वाद आहेत, ते त्यांचं त्यांनी बघावं. मला गंमत वेगळीच वाटते. मराठीतली इतकी जुनी ओळ कुठं सापडावी, तर जिथं नदी ओलांडली की कर्नाटक, आणि अलीकडंसुद्धा लोक एकमेकांना 'ऊट आतेनु', म्हणजे जेवण झालं का, असं कन्नडमधे विचारतात.

पोरीनं मोबाईलवर फोटो मोठा करून वाचायचा प्रयत्न केला, 'वाचि' पर्यंत आली आणि अडकली. मामाचं शिक्षण चौथीपर्यंत, तेही कन्नड शाळेत. मराठी दिवसभर बोलतो, पेपर मात्र बोट ठेवून वाचतो. ती ओळ ऐकून म्हणला, "म्हंजे मी अर्धाच जिंकलो की बे."

मग शेजारच्या हरिहरेश्वराच्या देवळात ते बहुमुखी लिंग बघितलं, ३५९ मुखं कोरलीत आणि मूळ लिंग धरून ३६०. मामानं मोजायला घेतली. वंदु, येरडु, मूरु, नाक्कु... मोजणी त्याची कायम कन्नडमधे, कडब्याच्या पेंढ्या असो नाहीतर ज्वारीची पोती, मराठीत मोजलं की चुकतंय म्हणतो. चाळीसच्या आसपास पोरीनं मधेच काहीतरी विचारलं, मामा विसरला, परत वंदुपासून सुरू. तिसऱ्यांदा चुकल्यावर म्हणला, राहू दे, देवानं मोजलेतच.

परत रानात आलो तोवर मामीनं दूध चुलीवर ठेवलतं. ज्या अंगाला उतू जाईल तिकडं पुढच्या साली पाऊस चांगला म्हणतात. सगळे भोवती वाकून बसले, मामा सगळ्यात पुढं. दूध नदीकडच्या बाजूला सांडलं, म्हणजे तात्यांच्या रानाकडं. मामी म्हणली, भांडंच वाकडं ठेवलंय, आणि मामा चुलीचे दगड हलवायला लागला.