कोकण किनाऱ्याने सायकल चालवताना खाड्या मोजाव्यात

‘मुंबईहून गोव्यापर्यंत समुद्राच्या कडेने सायकलने जायचे आहे, तर रोज किती किलोमीटर धरावेत?’ हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला जातो, की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहावे असे वाटले. विचारणारे बहुतेक जण पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर दिवसाला शंभर किलोमीटर सहज करणारे असतात आणि रेवस ते रेडी हा सागरी मार्ग सुमारे 500 किलोमीटरांचा आहे हे कळल्यावर ते पाच दिवसांचा हिशोब मांडतात. माझे उत्तर असे, की या मार्गावर दिवसाचा पल्ला किलोमीटरांवर ठरवू नये. त्या दिवशी किती खाड्या ओलांडायच्या आहेत ते आधी मोजावे.

याचे कारण कोकणच्या भूमीतच आहे. सह्याद्री समुद्राच्या जवळ असल्यामुळे इथल्या नद्या आखूड आणि वेगवान आहेत. सावित्री बाणकोटला, वाशिष्ठी दाभोळला, शास्त्री जयगडला, काजळी भाट्याला आणि मुचकुंदी पूर्णगडला समुद्राला मिळते. अशा दोन खाड्यांच्या मधला भाग म्हणजे जांभ्या दगडाचा सपाट सडा, आणि रत्नागिरी जिल्ह्यात हा सडा समुद्रसपाटीपासून शंभर-दोनशे मीटर उंच असतो. गावे, आगरे आणि मंदिरे खाली पाण्याजवळ असल्यामुळे रस्ता खाडीतून सड्यावर चढतो, थोडा वेळ सपाटीवर धावतो आणि पुढच्या खाडीसाठी पुन्हा उतरतो. एका खाडीमागे 150 मीटरांची चढण धरली, तर पाच खाड्यांच्या दिवशी 750 मीटर चढावे लागते, म्हणजे खोपोलीहून खंडाळ्याचा घाट चढण्यापेक्षाही अधिक. घाटात चढ एकदाच येतो आणि संपला की संपला. इथे तो पाच वेळा येतो आणि प्रत्येक वेळी उतारावर गार झालेल्या पायांनी चढावा लागतो.

दाभोळ ते गणपतीपुळे हा टप्पा मी नेहमी उदाहरण म्हणून सांगतो. दाभोळच्या धक्क्यावर सायकल फेरीबोटीवर चढवायची. या बोटीला इथले लोक ‘जंगलजेटी’ म्हणतात. वाशिष्ठीचे पात्र ओलांडून काही मिनिटांत बोट धोपाव्याला लागते. ही बोट नसेल तर चिपळूणमार्गे फार मोठा वळसा पडतो. बोटीचा पुढचा फाळका खाली टेकताच मोटारी घाईने निघतात. तेव्हा त्यांना पुढे जाऊ द्यावे, धक्क्यावरचा ओला, शेवाळलेला भाग सायकल हातात धरून ओलांडावा आणि मग रिकाम्या रस्त्याने चढाला लागावे. चढ धक्क्यापासूनच सुरू होतो, त्यामुळे बोटीवर असतानाच हलका गिअर टाकून ठेवलेला बरा. गुहागरला उतरल्यावर नारळी-पोफळीच्या सावलीत थोडा सपाट रस्ता मिळतो, पुढे तवसाळपर्यंत पुन्हा चढउतार, तिथून शास्त्रीवरची दुसरी जंगलजेटी आणि जयगडला उतरल्यावर पुन्हा चढ. गणपतीपुळ्याच्या अलीकडच्या मालगुंडला पोहोचेपर्यंत किलोमीटर फारसे झालेले नसतात, पण दिवस पुरा झालेला असतो. माझ्या मते तिथेच थांबावे.

दिशा मात्र उत्तरेकडून दक्षिणेकडेच ठेवावी. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात दुपारनंतर समुद्रावरून येणारा वारा बहुधा वायव्येकडचा असतो, म्हणजे दक्षिणेकडे जाणाऱ्याला तो उजव्या पाठीमागून मिळतो. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालत असल्यामुळे समुद्र पलीकडच्या अंगाला राहतो, हे खरे. परंतु उघड्या सड्यावर समोरून येणारा वारा अंगावर घेतलेला माणूस समुद्राकडे पाहतही नाही.

डिसेंबर ते फेब्रुवारीचा मध्य हा यासाठी उत्तम काळ होय. मार्चपासून कातळ तापतो आणि सड्यावर सावलीचे झाड मैलभर मिळत नाही. पावसाळ्यात उतारावर माती वाहून येते आणि हवामानानुसार बोटी बंद राहू शकतात. सायकलला मागे 32 किंवा 34 दात्यांचे चाक आणि 28 मिलिमीटरपेक्षा रुंद टायर असावेत, कारण काही चढ दहा टक्क्यांच्या आसपास जातात आणि वाडीतल्या रस्त्यांवर खडी उखडलेली असते. गिअरच्या सायकलची दुरुस्ती वाटेवरच्या लहान गावांत होईल असे धरून चालू नये. ट्यूब, साखळीची कडी आणि ब्रेकचे पॅड सोबत असू द्यावेत. पाण्यात घालायला क्षारांच्या महागड्या पुड्या नेण्यापेक्षा मीठ घातलेले कोकम सरबत दर मुक्कामी भरून घ्यावे.

सडा म्हणजे नुसती ओसाड जागा आहे असे समजून तो ओलांडण्याची घाई करू नये, असे मला मनापासून सांगावेसे वाटते. पावसपासून जैतापूरकडे जाताना कशेळीच्या सड्यावर जांभ्यात कोरलेला प्रचंड हत्ती आहे आणि त्याच्या अंगावर कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. पहाटेच्या तिरप्या उन्हात त्या रेषा स्पष्ट उठून दिसतात. मुख्य रस्त्यापासून थोडे आत वळून तो पाहण्यासाठी अर्धा तास राखून ठेवावा.

खाड्यांवर नवे पूल होऊ घातले आहेत आणि आजारी माणसाला रात्री पलीकडच्या रुग्णालयात नेण्यासाठी ते हवेतच. माझी मागणी एवढीच आहे, की प्रत्येक पुलावर सायकलसाठी कडेने वेगळी पट्टी ठेवावी. रुंद, सरळ पुलावर मोटारींचा वेग वाढतो आणि तिथे सायकलस्वाराला बाजूला व्हायला माती नसते, कठडा असतो.

ज्यांना एवढा मोठा मार्ग एका दमात नको असेल त्यांनी सुरुवात दोन टप्प्यांपैकी एकाने करावी. रायगडात दिवेआगर ते श्रीवर्धन हा शेखाडी, आरावीमार्गे जाणारा रस्ता बराचसा समुद्राला लागून आहे आणि त्यात मोठी खाडी नाही. रत्नागिरीत गणपतीपुळे ते रत्नागिरी हे सुमारे 25 किलोमीटर आरे-वारेमार्गे करावेत. त्यात चढ आहेत, पण वारे गावाच्या वरच्या वळणावरून दोन्ही पुळणी एकदम दिसतात. या टप्प्यावर पाय कसे वागतात ते पाहावे, आणि मग पुढच्या सुट्टीत दाभोळच्या धक्क्यावर जावे.