पिकअपवर तंबू चढला!

डेन्व्हरमध्ये आज एकदाचं ऊन पडलं आणि आमच्या टॅकोमावर रूफटॉप टेंट चढला. छतावर नाही, मागच्या हौद्यावर रॅक लावून.

मित्र म्हणत होते, रॅक केबिनपेक्षा उंच घे, खाली सायकली मावतील. मी मुद्दाम छताच्या खालीच ठेवला. साठेक किलोचं धूड जितकं वर, तितकी गाडी वळणावर कलणार. शिवाय हायवेवर वाऱ्याचा मार केबिनच झेलते. सामान काढताना वाकावं लागेल, लागू दे.

खरा वेळ गेला वजनाच्या आकड्यांत. रॅकच्या क्षमता दोन: उभ्या गाडीची आणि चालत्या गाडीची. आम्ही दोघं आत झोपलो की तंबूसकट दोनशे किलो होतात, पण तेव्हा गाडी थांबलेली असते. खड्ड्यात आदळताना नुसता तंबूही कितीतरी जड पडतो. म्हणून चालतीचा आकडा लहान असतो आणि घेताना तोच बघायचा. (जाहिरातीत मोठाच ठळक असतो, हे आलंच.)

उचलायला शेजारचे दोघे आणि मेहुणा. गणपती ट्रकवर चढवताना ओरडतात तसे सगळे "हळू, हळू" ओरडत होते. बोल्ट स्टेनलेसचे, कोरडेच आवळले तर नटात कायमचे अडकू शकतात, म्हणून आधी अँटी-सीझ वंगण लावलं.

आई व्हिडिओ कॉलवर: "घर असताना गाडीवर कसलं झोपायचं रे?" बायकोने शिडी चढून आतली गादी दाखवली. आता आईलाच यायचंय.

शनिवारी युटातल्या मोआबला. वाटेत आयडाहो स्प्रिंग्जला थांबून सगळे बोल्ट पुन्हा आवळायचे. पाना सीटखाली ठेवलाय.