आमची वाटचाल : कार्डाची मागची बाजू

नारायण पेठेतलं आमचं वाचनालय सत्तरच्या दशकाच्या अखेरीला दसऱ्याच्या मुहूर्तावर सुरू झालं. भांडवल म्हणाल तर रद्दीवाल्यांकडून वेचून आणलेल्या रहस्यकथा, दोन लोखंडी मांडण्या आणि माझे भागीदार. त्यांना सगळी पेठ बापू म्हणायची. बापू मूळचे छापखान्यातले, कंपोझिटर, म्हणजे छपाईचे खिळे जुळवणारे. खिळ्यांमधला उलटा मजकूर ते सुलट्याइतक्याच सहज वाचत. पुस्तकांचा धंदा करायचा तर पुस्तक बाजारात येण्याआधी आपल्याला कळलं पाहिजे, हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात ऐकवलं.

त्या काळी नवीन पुस्तकाची बातमी कळायची ती रविवारच्या पुरवणीतून नाहीतर ‘ललित’ मासिकातून. बापूंना ती त्याआधी मिळे, कारण दुपारचं जेवण झालं की ते बाइंडरांकडे चक्कर मारत. पेठांमधल्या वाड्यांत तेव्हा बाइंडिंगचे कारखाने होते. जमिनीवर फर्म्यांच्या, म्हणजे पुस्तकाच्या छापलेल्या सुट्या कागदांच्या थप्प्या, घड्या घालणाऱ्या बायका, कोपऱ्यात खळीचं पातेलं आणि मोरचूद पडल्यामुळे त्या खळीला आलेली निळसर झाक. बापू मांडी घालून बसत, थप्पीतला एक सुटा फर्मा उचलत आणि सोळा पानं तिथल्या तिथे वाचून काढत. कादंबरीची परीक्षा मधल्या फर्म्यावर करावी, असं त्यांचं ठाम मत. सुरुवात सगळेच घासूनपुसून लिहितात. लेखकाचा दम कळतो तो सातव्या-आठव्या फर्म्यात. उठताना बाइंडरला एकच प्रश्न विचारत, “किती बांधायला सांगितल्यात?” अकराशेची आवृत्ती छापून प्रकाशकाने तीनशेच प्रती बांधायला टाकल्या असतील, तर खुद्द त्याचाच भरवसा नाही हे उघड व्हायचं. बाकीचे दुकानदार अशा पुस्तकाला हात लावत नसत. मधला फर्मा बापूंच्या मनात भरला असेल तर आम्ही त्याच्याच जास्त प्रती उचलायचो, आणि त्या कधी पडून राहिल्या नाहीत.

सभासदाचं कार्ड प्रत्येक वाचनालयात असतं. पुढच्या बाजूला नाव, पत्ता, अनामत, वर्गणी. आमच्या कार्डाची मागची बाजूही भरलेली असते. पुस्तक परत आलं की त्याच्या नावापुढे पेन्सिलीने खूण करायची. ‘आ’ म्हणजे आवडलं. ‘अ’ म्हणजे अर्धवट परत. उभी रेघ म्हणजे घरात आणखी कुणी वाचलं. आणि ‘अजून’ म्हणजे याच जातीचं दुसरं मागितलं. लोक खरं बोलतातच असं नाही, त्यामुळे विचारून लिहायचं नाही, पुस्तक बघून लिहायचं. कुठल्या पानापर्यंत शिलाई सैल झालीय आणि कुठून पुढे घट्ट आहे, ते पाहिलं की माणूस कुठे थांबला ते कळतं.

पासोड्या विठोबाजवळ राहणाऱ्या एका काकूंचं कार्ड मी नव्या मुलांना शिकवायला काढतो. सुरुवातीला ओळीने सामाजिक कादंबऱ्या आणि ओळीने ‘अ’. मग मुलासाठी नेलेली बाबूराव अर्नाळकरांची एक रहस्यकथा, तिच्यापुढे ‘आ’ आणि उभी रेघ. तिथून भालबा केळकरांच्या मराठीतला होम्स, मग सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलूदा. १९९३ मध्ये दूरदर्शनवर व्योमकेश बक्षी या गुप्तहेराची मालिका लागली आणि काकू दुसऱ्या दिवशी सकाळीच दारात हजर. तेव्हा मी त्यांना सांगितलं की या व्योमकेशचे जनक, बंगाली लेखक शरदिंदु बंद्योपाध्याय १९५२ पासून अखेरपर्यंत आपल्या पुण्यातच राहिले. व्योमकेश १९३२ चा, मुंबईत त्यांनी सिनेमासाठी लिहिलं, आणि म्हातारपण काढलं ते पुण्यात. बंगाली मुलांसाठी त्यांनी सदाशिव नावाच्या मराठी पोराच्या गोष्टीही लिहिल्या, शिवाजी महाराजांच्या काळातल्या. पुण्यात याची आठवण कुणी ठेवत नाही याचा मला आजही राग येतो. काकूंनी मात्र तेवढ्या धाग्यावर शिवकालाचं कपाट उघडायला लावलं, तिथून किल्ले, किल्ल्यांवरून लढाया. नवीन पुस्तक सापडतं ते असं. एका पुस्तकाने दुसऱ्याचं दार दाखवायचं असतं, आणि ते दार कुठे आहे ते ठाऊक असणारा माणूस काउंटरवर बसलेला लागतो.

लढायांच्या कपाटाची शिस्त मात्र आमची नाही, ती कर्नलसाहेबांची. प्रभात रोडला राहायचे, निवृत्त. पहिल्यांदा आले ते तक्रार घेऊनच. “काय हो, कपाटावर इतिहास लिहिलंय आणि आत सगळ्या कादंबऱ्या?” त्यांचं बरोबर होतं, त्या वेळी सगळीच वाचनालयं तसं करत. त्यांनी स्वतः बसून कपाट दोन भागांत लावलं. मग मला लढाईचं पुस्तक पारखायला शिकवलं. आधी नकाशे बघायचे. नकाशा नसेल, किंवा असून त्यावर प्रमाण आणि उत्तर दिशा नसेल, तर पुस्तक खाली ठेवायचं. मग सूची. मग हताहतांचे आकडे एकाच बाजूचे आहेत की दोन्ही.

असईची लढाई त्यांनी मला काउंटरवर खडूने काढून दाखवली होती. २३ सप्टेंबर १८०३, आपल्या जालना जिल्ह्यातली जागा. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात शिंदे-भोसल्यांची फौज. वाटाड्ये इंग्रज सेनापती वेलस्लीला सांगत होते की जवळपास उतार, म्हणजे नदी ओलांडण्याजोगी उथळ जागा नाही. त्याने पाहिलं की नदीच्या दोन काठांवर दोन गावं समोरासमोर आहेत, पिंपळगाव आणि वरूड. समोरासमोर गावं वसलीत तर माणसं येत-जात असणार, म्हणजे तिथे उतार असलाच पाहिजे. त्याने तिथूनच फौज पलीकडे नेली. कर्नलसाहेब म्हणाले, “जे पुस्तक ही दोन गावं दाखवत नाही, ते असईबद्दल काही सांगत नाही.” त्या दिवसापासून मी नकाशा पाहिल्याशिवाय लढाईचं पुस्तक घेतलेलं नाही.

पानिपतासाठी ते त्र्यंबक शंकर शेजवलकरांचं नाव घेत. डेक्कन कॉलेजने १९४६ साली मूळ इंग्रजीत काढलेलं ते पुस्तक. पानिपतावरची कादंबरी वाचून हळहळलेल्या प्रत्येक वाचकाच्या हातात त्यानंतर शेजवलकर द्यायचे, हा आमच्याकडचा नियम झाला. काही लोक शेजवलकरांवर चिडून परत येत, पण पुस्तक पुरतं वाचून येत. मराठा लाइट इन्फंट्रीचे यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले ते इटलीतल्या लढायांत, १९४४ आणि १९४५ साली, हेही मला कर्नलसाहेबांकडूनच कळलं. आजोबा लढाईला गेले होते एवढंच माहीत असलेली कोकणातली, साताऱ्याकडची मंडळी पुण्यात कितीतरी आहेत. त्यांना इटलीच्या मोहिमेवरचं पुस्तक काढून दिलं की चेहरा बघण्यासारखा होतो.

आता ज्याबद्दल लिहायचं टाळत आलो ते लिहितो.

नव्या शतकाची सुरुवात होती. आमच्यापासून हाकेच्या अंतरावर काचेच्या दारांचं एक मोठं पुस्तकांचं दुकान उघडलं, वर वातानुकूलित वाचनालय. नाव घेणार नाही. एका वर्तमानपत्राने त्यांच्या उद्घाटनाला अर्धं पान दिलं. आमच्या पंचविशीची बातमी आम्ही स्वतः नेऊन दिली होती, तिच्या चार ओळीही छापून आल्या नाहीत.

स्पर्धेला माझी हरकत नव्हती. पण घरपोच पुस्तकं पोचवणारा आमचा माणूस त्यांनी फोडला. सायकलच्या कॅरियरला पिशवी लावून पेठापेठांतून फिरणारा, सभासदांच्या घरी चहा पिणारा माणूस. जाण्याआधी त्याने आमची वर्गणीची वही एका रात्रीसाठी घरी नेली, “हिशेब जुळवतो” म्हणून. पुढच्या पंधरवड्यात आमच्या सभासदांना घरी पत्रं गेली, नावानिशी. पहिले तीन महिने वर्गणी माफ, अनामत नाही. ज्यांची नावं आमच्या वहीत चुकीची लिहिली होती, त्यांना पत्रंही त्याच चुकीच्या नावांनी गेली. याहून वेगळा पुरावा मला नको होता.

लोक अनामत परत मागायला येऊ लागले. कुणाशी वाद घातला नाही, प्रत्येकाला त्याच दिवशी पैसे मोजून दिले. तेवढ्यात एका वितरकाने आमची उधारी बंद केली; ज्याला पूर्वी आम्ही महिन्याच्या महिन्याला बिल चुकतं करत होतो, त्याला आता रोख हवी झाली. तिकडे त्या नव्या दुकानात नवी पुस्तकं आमच्या खरेदीच्या भावाखाली विकली जात होती. त्याच पावसाळ्यात बापू गेले. दर्शनी निम्मी जागा झेरॉक्सवाल्याला भाड्याने दिली, स्कूटर विकली आणि मांडण्या मागे भिंतीला सरकवल्या. ओल चढून वरच्या फळीतल्या दिवाळी अंकांचं नुकसान झालं ते वेगळंच. घरच्यांनी आडून आडून सुचवलं की आता आवरतं घ्यावं.

कर्नलसाहेब नेहमीप्रमाणे गुरुवारी आले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “त्यांनी पत्ते नेले. कार्डं कुठायत?” कार्डं जागच्या जागी होती, लाकडी खणांत, मागच्या बाजूंसकट. फितुराला त्या पेन्सिलीच्या खुणांची किंमत कधी कळलीच नव्हती.

मी पोस्टकार्डं आणली. रोज रात्री दुकान बंद केल्यावर खण काढून बसायचो. प्रत्येक पोस्टकार्डावर एकच पुस्तक आणि ते याच माणसाला का सुचवतोय त्याची एक ओळ. सवलतीचं नाव नाही, परत या अशी विनवणीही नाही. एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांना लिहिलं, ‘आपण पानिपतावरची कादंबरी युद्धाच्या प्रकरणाशी थांबवली होती. शेजवलकर तिथूनच वाचायला घ्या, प्रत राखून ठेवली आहे.’ काकूंना लिहिलं की खून कुणी केला ते पहिल्याच पानावर सांगणारी एक रहस्यकथा आलीय, आणि तरी ती शेवटपर्यंत खाली ठेवता येत नाही. एका प्राध्यापक बाईंना नव्या लेखिकेचा कथासंग्रह सुचवला, कारण त्यांच्या कार्डावर कथांपुढे सगळे ‘आ’ होते आणि कादंबऱ्यांपुढे सगळे ‘अ’.

लोक आले. काही पोस्टकार्ड हातात घेऊनच आले. बँकवाले साहेब म्हणाले की तिकडे गेल्यावर मला ‘सर्वाधिक खपाची’ म्हणून टेबलावर मांडलेली पुस्तकंच दाखवतात. तेवढ्या एका वाक्यासाठी मी पोस्टकार्डांचा सगळा खर्च पुन्हा केला असता. काचेचं दुकान काही वर्षांनी बंद पडलं आणि त्यांची पुस्तकं किलोवर निघाली. मी जाऊन युद्ध-इतिहासाची दोन पोती उचलली. त्यातली बरीचशी पुस्तकं एकदाही उघडलेली नव्हती. आमचा तो माणूस रस्त्यात भेटतो, बोलायला बघतो. मी बोलत नाही. बोलणारही नाही.

त्यानंतरची वर्षं बरी गेली, त्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही.

हल्ली पुष्कळ तरुण मंडळी पुस्तकांचं दुकान काढायचं म्हणतात, त्यांच्यासाठी सांगतो. मांडणी भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा. पुण्यातला पाऊस आधी भिंतीतून येतो. मार्चमध्ये संस्थांकडून अनुदानाच्या मोठ्या ऑर्डरी येतात. त्यांना माल जरूर द्या, पण पैसे कधी मिळणार ते लेखी घ्या. शिवलेली आणि नुसती चिकटवलेली पुस्तकं वेगळी ओळखायला शिका. वाचनालयात चिकटवलेलं पुस्तक दहा हातांतून गेलं की पानं सोडतं, त्याला पहिल्याच दिवशी दाभण घालून तीन टाके मारा. मलपृष्ठावरचा मजकूर वाचून रहस्यकथा कुणाला सुचवू नका, निम्मं रहस्य तिथेच फोडलेलं असतं. मालिकेतली पुस्तकं क्रमाने द्या. आणि दिवसातला एक तास, गिऱ्हाईक असो नसो, मधलं पान उघडून वाचत बसा. हा तास ज्याला जमत नाही त्याने स्टेशनरी विकावी, त्यातही चार पैसे सुटतात.

वाचकांनाही एक सांगायचंय. आपल्याला काय आवडतं हे ठरवून टाकू नका. रहस्यकथा वाचणाऱ्याला पुरावा तपासायची सवय असते, तो युद्धाचा इतिहास सहज वाचतो. इतिहासवाल्यांनी कथा-कादंबरीला नाकं मुरडायचं सोडावं. १८१७ च्या खडकीच्या लढाईची तारीख पाठ असणाऱ्याला त्या रात्री शनिवार पेठेतल्या एखाद्या घरात काय बोलणं झालं असेल, ते कथाकारच सांगू शकतो.

कर्नलसाहेब आता नाहीत. त्यांची मुलगी त्यांच्याच कार्डावर पुस्तकं नेते. मागची बाजू भरली म्हणून दुसरं कार्ड टाचलंय. नव्या पुस्तकांची यादी दर शनिवारी व्हॉट्सअॅपवर जाते, पण ती सगळ्यांना सारखी नसते. मुलगा ती प्रत्येकाच्या कार्डावरून वेगळी काढतो. बाइंडरांकडची चक्कर मी अजून मारतो, उरलेत तेवढ्यांकडे.

त्या वर्षी काचेच्या दुकानाकडे गेलेल्या सभासदांपैकी काहीजण कधीच परत आले नाहीत. काहींनी घाईत अनामतही नेली नव्हती. त्यांची कार्डं शेवटच्या खणात आहेत, रक्कम वहीत जमा आहे. पावती हरवली असली तरी चालेल, नाव सांगा.